काचेवरची लेबलं

आप्पा गेले आणि आई निपाणीला तंबाखूच्या वखारीत जायला लागली. आप्पा म्हणजे माझे वडील. तेही त्याच वखारीत हमाल होते. त्यांच्या ओळखीवर आईला चाळणीच्या कामाला घेतलं. सकाळी डोक्याला फडकं बांधून ती गावातल्या बायकांबरोबर चालत जायची आणि दिवस मावळायला परत यायची, ती शिंकतच. तंबाखूची धूळ तिच्या केसात, पदरात, नखांच्या आत बसलेली असायची. तिच्या हातची भाकरी जराशी कडू लागायची. धाकटा भाऊ कुरकुर करायचा, मी करायची नाही. पावसाळ्यात वखारीचं काम थंडावलं की कडू भाकरीसुद्धा पोटभर मिळायची नाही, हे मला कळत होतं.

आप्पा वखारीतून सायकलवर घरी येताना गेले. हमरस्त्यावर समोरून ट्रक आला आणि त्याची लाईट वर होती. आमच्याकडं गाडीच्या लाईटला दोनच शब्द आहेत, अप्पर आणि डिपर. अप्पर म्हणजे लांबवर जाणारी, समोरच्याच्या डोळ्यात घुसणारी. डिपर म्हणजे खाली, आपल्यापुरत्या रस्त्यावर पडणारी. ट्रकवाल्यानं डिपर केली नाही. आप्पांना पुढचं काही दिसलं नाही आणि सायकल मोरीच्या कठड्यावरून खाली गेली. ट्रक थांबला नाही. कदाचित त्याला काही कळलंच नसेल. मागून वखारीतलाच एक माणूस येत होता, त्यानं हे सगळं पाहिलं, म्हणून आम्हाला माहीत.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आई एवढंच सांगायची, "अप्परनं खाल्लं त्यास्नी."

भाऊ तेव्हा इतका लहान होता, की आप्पा आणि अप्पर यांत त्याचा गोंधळ व्हायचा. पुढं त्याची समजूत झाली, की अप्पर नावाचा कुणी माणूस आहे, आणि तो राज्याच्या हद्दीवर, कोगनोळीच्या नाक्याकडं राहतो. एकदा त्यानं शेजारच्या काकूंना विचारलं, अप्परला पोलिसांनी धरलं का? काकू आधी हसल्या आणि मग तोंडाला पदर लावून आत गेल्या.

मी शाळेत हुशार होते. हे सांगताना मला संकोच वाटत नाही, कारण माझ्या हुशारीवर कुणी काही खर्च केला नव्हता. वखारीतून आलेल्या आईच्या शिंका ऐकत मी अभ्यास केला आणि बेळगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजात पोचले. आमच्या घरात, आईचं माहेर धरूनसुद्धा, कॉलेजची पायरी माझ्याआधी कुणी चढलं नव्हतं. पदवी घेताना आई हॉलमध्ये मागच्या ओळीत बसली होती. भाषण चालू असताना ती शिंकली, आणि मला गर्दीत न बघताही कळलं ती कुठं आहे.

नोकरीसाठी पहिली मुलाखत पुण्यात झाली. कशा आलात, असं विचारल्यावर मी म्हणाले, "मी सकाळच्या बसनं आलो." आमच्याकडं बायकाही आलो-गेलोच म्हणतात. समोरच्या बाईंना हसू आवरेना. मी म्हणाले, काम मशीनवरचं आहे ना, मशीनला व्याकरण कळत नाही. नोकरी मिळाली. त्याच कंपनीनं काही वर्षांनी मला इंग्लंडला पाठवलं. भाऊही माझ्या मागोमाग शिकला आणि जर्मनीला गेला. आईची वखार आम्ही दोघांनी मिळून बंद केली. ती म्हणाली, "आता सकाळी उठून करू काय मी?" पण बंद केली.

गाडी चालवायला मी इंग्लंडमध्ये शिकले. आपल्यासारखीच तिथंही गाडी डाव्या बाजूनं चालते, त्यामुळं सोपं गेलं. एक जुनी गाडी घेतली. आई पहिल्यांदा माझ्याकडं आली तेव्हा मागच्या सीटवर बसायची, आणि ऊन असेल तेवढ्यातच फिरायला जाऊया म्हणायची. दिवस कलला की तिचं सुरू व्हायचं, चल गं घरला. का, ते तिनं कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

त्याच मुक्कामात भावाला जर्मनीत मुलगी झाली. आईची पहिली नात. आईचा तिकडचा व्हिसाही आम्ही काढून ठेवला होताच. भावानं बारशाचा दिवस धरला आणि फोनवर मला बजावलं, "आक्का, आत्या तू हाईस. तू आल्याबिगर नाव न्हाय."

आमच्यात बाळाच्या कानात नाव आत्यानंच सांगायचं असतं. पाळण्याजवळ वाकायचं, कानात कुर्र करायचं आणि नाव सांगायचं. मग पाठीत बायकांचे गुद्दे खायचे. लहानपणी मी हे गावात कितीतरी घरी बघितलं होतं. मला लग्न करायचं नव्हतं, केलं नाही, त्याचं वाईटही वाटलं नाही. पण आत्या होण्याची मला फार हौस होती. नाव कुठलं ठेवायचं ते भावानं आणि वहिनीनं ठरवलं होतं आणि आम्हालाही सांगितलं नव्हतं. ते आयत्या वेळी मला चिठ्ठीत देणार होते.

विमानानं जायचं म्हटलं तर आई ऐकेना. येताना विमानात तिचा कान असा ठणकला होता, की परत गावी जायचं तेव्हाच विमानात बसेन, मधे नाही, असं तिनं ठरवलं होतं. शिवाय डिंकाचे लाडू, तिनं शिवलेल्या गोधड्या, बाळंतिणीचा शेक-शेगडीचा पसारा, एवढं सामान होतं. म्हणून गाडी बोटीवर चढवून फ्रान्सला उतरायचं आणि तिथून बेल्जियममधून जर्मनीला जायचं, असं मी ठरवलं. आईला सांगितल्यावर ती म्हणाली, "गाडी बोटीत, बोट पाण्यात. आणि आपण?" मी म्हणाले, आपण गाडीतून उतरून वर चहा प्यायचा.

समुद्र ओलांडला की तिकडं गाडी उजव्या बाजूनं चालवायची असते. त्याची मला भीती नव्हती. पण गाडीच्या लाईटचं एक काम करावं लागतं, ते सांगते. डाव्या बाजूनं चालणाऱ्या गाडीची लाईट डिपर असतानाही डावीकडं जराशी उचललेली असते. रस्त्याच्या कडेची पाटी दिसावी, चालणारा माणूस दिसावा म्हणून. उजवीकडं ती खाली असते, कारण तिकडून समोरची गाडी येते. हीच गाडी उजव्या बाजूनं चालवली, की उचललेली लाईट नेमकी समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात जाते. नव्या गाड्यांत आत एखादी कळ असते, ती फिरवली की झालं. माझ्या जुन्या गाडीत तसं काही नव्हतं. त्यासाठी दुकानात चिकटपट्ट्या मिळतात. लाईटच्या काचेवर ठराविक जागी लावल्या की वर जाणारी लाईट अडते. निघायच्या आदल्या दुपारी, आई झोपली होती तेव्हा, मी चित्र बघून दोन्ही काचांवर पट्ट्या नीट लावल्या. हात धुतले आणि विसरून गेले. आईला त्याबद्दल काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही.

सकाळी मी वरच्या मजल्यावर बॅगा बांधत होते. खाली आईनं गाडीची पूजा केली. लांबचा प्रवास, तोही पाण्यावरून, मग पूजा नको का? चाकाखाली लिंबू ठेवलं, पुढच्या पत्र्यावर स्वस्तिक काढलं, दोन्ही लाईटींना हळदकुंकू लावलं. मी खाली आले तेव्हा शेजारचे म्हातारे गोरे आजोबा दारात उभे राहून बघत होते, आणि आई त्यांच्या हातावर साखर ठेवत होती. ते तिला थँक्यू म्हणत होते, ती त्यांना "खावा, खावा" म्हणत होती. मला हसू आलं. उशीर झाला होता. लाईटीवर कुंकू दिसलं. दुसरं काही बघितलं नाही.

बोटीवर आई खूश होती. फ्रान्सला उतरल्यावर मी गाडी उजवीकडं घेतली, तशी ती म्हणाली, "आपल्याकडं कोगनोळीचा नाका ओलांडला की पाट्या बदलतात. हितं रस्ताच बदलला की गं." त्या दिवशी ती पहिल्यांदाच माझ्या शेजारी, पुढच्या सीटवर बसली होती. मागं सामानामुळं जागा नव्हती, एवढंच कारण. पण मला बरं वाटलं.

हिवाळा जवळ आला होता, दिवस लहान होता. मोठ्या रस्त्यावर कुठं तरी काम चालू होतं, म्हणून सगळ्या गाड्या एका साध्या दुपदरी रस्त्यावर वळवल्या होत्या. तिथंच अंधारून आलं. मी लाईट लावली. जरा वेळानं समोरून येणारी एक गाडी लाईट मिचकावून गेली. मग आणखी एक. मग एक ट्रक.

आईनं हात वर केला. आमच्या रस्त्यावर ओळखीचे ट्रकवाले, एसटीवाले एकमेकांना अशीच लाईट मारून रामराम करतात. ती म्हणाली, "लई मायाळू माणसं हाईत गं हितली. वळख न्हाय, पाळख न्हाय." आणि पुढच्या गाडीलाही हात केला. ट्रकवाल्यालाही केला.

मला मात्र दुसरंच वाटलं. निपाणी-बेळगाव रस्त्यावर समोरच्यानं लाईट मारली की पुढं पोलीस उभे आहेत असं समजायचं. मी वेग कमी केला, सीटचा पट्टा लावलाय का बघितलं, आईचा पट्टा बघितला. पोलीस काही आले नाहीत. गाड्या लाईट मारत राहिल्या. एकानं तर जवळ येईपर्यंत लावूनच ठेवली आणि हॉर्नही वाजवला. तेव्हा आईचा हात खाली आला.

पेट्रोल पंप दिसला तशी मी गाडी आत घेतली. समोर गाडीत पेट्रोल भरत असलेली एक बाई लगेच माझ्याकडं आली. तिची भाषा मला येत नव्हती. तिनं एका हातानं आमची लाईट दाखवली आणि दुसरा हात आडवा करून स्वतःच्या डोळ्यांवर धरला.

मी पुढं जाऊन बघितलं. काचांवर हळदकुंकू होतं. पट्ट्या नव्हत्या.

"आई, हितं काचंवर काय चिकटवलेलं हुतं काय गं?"

"लेबलं व्हय? ती मीच काढली की. आधी खोबरेल तेल लावलं, मग नखानं काढली. अशी सुटली. कुंकू लावायचं तर काच स्वच्छ नको?"

घरी नवीन भांडं आणलं की आई असंच करते. लेबल लावून ठेवलेलं भांडं तिला चालत नाही. भांडं आपलं झालं की दुकानाची खूण निघाली पाहिजे. मी तिला रागावले नाही. लाईटचं सगळं, वर मी लिहिलंय तसं, हातवारे करून सांगितलं. ती ऐकत होती. माझं सांगून झाल्यावर तिनं विचारलं, "म्हंजे आपली अप्पर हुती?"

"अप्पर न्हवं आई. पण समोरच्याला तशीच लागते."

ती पंपाच्या दुकानाबाहेर एका बाकावर बसली. रस्त्याकडं बघायला लागली. मग म्हणाली, "ती मघापासनं सांगायला लागलीत, आणि मी हात करत हुतो."

दुकानात काळी चिकटपट्टी मिळाली. आदल्या दिवशीचं चित्र आठवून मी ती दोन्ही काचांवर कापून लावली, गाडी पंपाच्या भिंतीसमोर उभी केली आणि लाईट लावून बघितली. उचललेला कोपरा गेला होता. मला खात्री होती. पण आईला नव्हती. ती समोर जाऊन, समोरची गाडी जिथं असेल अशा अंदाजानं उभी राहिली.

"अजून येतंया डोळ्यात."

मी पट्टी आणखी मोठी लावली. तरी तिच्या डोळ्यात येतच होतं. तिला मोतीबिंदू व्हायला लागला होता, कुठल्याही दिव्याभोवती तिला कडं दिसायचं, हे पुढं बेळगावात डॉक्टरांनी सांगितलं. त्या वेळी आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं. मी भिंत दाखवत होते, ती डोळे दाखवत होती.

शेवटी ती म्हणाली, "उजाडल्याबिगर गाडी हलवायची न्हाय."

मी तिला समजावलं. मग जरा आवाज चढवला. उद्या सकाळी बारसं आहे, मुहूर्त सकाळचा आहे, गावाकडं वहिनीची माणसं मोबाईलसमोर बसणार आहेत, हॉल तासांवर घेतलाय. मी नसले तर कानात नाव कोण सांगणार?

"सांगंल कोणबी."

"कोणबी? आत्या मी हाय."

"तुला नाव सांगायचंय," आई म्हणाली. "त्या समोरनं येत्यात त्यास्नी घरला जायाचंय."

मी गाडीची किल्ली पर्समध्ये टाकली.

भावाला फोन केला. आधी तो भडकला. म्हणाला, "आक्का, इंजिनियर हाईस का काय गं तू? एवढं कळत न्हाय?" पट्ट्या लावायच्या मी विसरले असं मी त्याला सांगितलं. आई शेजारून म्हणत होती, मी काढली म्हणून सांग, पण मी नाही सांगितलं. आता हे वाचून त्याला कळेल. मग मी त्याला आई काय म्हणाली ते सांगितलं, म्हंजे आपली अप्पर हुती, हे. त्याचा आवाज उतरला. मग तो म्हणाला, "बरं. उजाडल्यावर या. सावकाश या."

पंपाजवळ एक साधं लॉज होतं, तिथं आम्ही खोली घेतली. उजाडलं, तेही उशिरा, तिकडं त्या दिवसांत लवकर उजाडतच नाही. निघालो तेव्हा आई परत मागं बसली. गोधड्यांची पिशवी मांडीवर घेतली, लाडवांचा डबा पायाशी ठेवला, पण मागंच बसली. वाटेत भावाचा मेसेज आला, मुहूर्त ढकलता येत नाही, वहिनीच्या वडिलांनी गुरुजींना विचारलंय, सुरू करतोय. गाडी चालवताना मी तो वाचला नाही, पुढं थांबल्यावर वाचला. तोवर झालंही असेल.

आम्ही पोचलो तेव्हा दुपार होती. हॉल रिकामा करून सगळे भावाच्या घरी आले होते. पाळण्याच्या दोऱ्यांना फुलं होती, टेबलावर कागदी ताटल्या होत्या, घुगऱ्यांचा वास होता. वहिनीची एक सांगलीकडची मैत्रीण आत्या झाली होती. भली बाई होती. ती माझ्यासमोर येऊन म्हणाली, "ताई, तुमचा मान मी घेतला, रागावू नका." मी म्हणाले, पाठीत किती बसले? ती म्हणाली, भरपूर. आम्ही दोघी हसलो. मला हसावं लागलं.

बाळ झोपलं होतं. नाव काय ठेवलं ते भावानं आईच्या कानाशी जाऊन सांगितलं, आणि मग मला सांगितलं. चांगलं नाव आहे. आईला उच्चारायला जरा अवघड जातं, पण चांगलं आहे. भाऊ म्हणाला, आक्का, तूही सांग की तिच्या कानात, काय बिघडतंय. पण नाव एकदाच सांगतात. दुसऱ्यांदा सांगितलं तर ते नुसतं कानात बोलणं. मी वाकले, तिच्या कपाळाला हात लावला आणि सरळ झाले.

भावाला पुढं मूल झालं नाही, होणारही नाही. बारशाच्या फोटोंत आई नाही आणि मी नाही. भाची आता शाळेत जाते. तिनं एकदा व्हिडिओवर ते फोटो दाखवत मला विचारलं, आत्या, तू कुठं आहेस यात? मी म्हणाले, मी वाटेत आहे. तिला ते गमतीचं वाटलं.

मी आता बेळगावात राहते, आई माझ्याजवळ असते. तिच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. कधी कधी ती विचारते, त्या दिवशी बोटीतनं उतरल्यापासनं पंपापातूर समोरनं किती गाड्या आल्या असतील गं? मला माहीत नाही. अंधार पडल्यानंतरच्याच धरायच्या, असं मी तिला सांगते. ती मान हलवते. त्यातला कुणी रस्त्याखाली गेला असता तर कळलं असतं, असंही सांगते. पण आप्पांच्या ट्रकवाल्याला कळलं नव्हतं, हे आम्हा दोघींनाही ठाऊक आहे, म्हणून तेही मी हल्ली सांगत नाही.

त्या दुपारी वहिनीनं बाळाला उचलून आईच्या मांडीवर दिलं. आईनं आधी आपले हात पदराला पुसले, मग तिला घेतलं. वखारीत तंबाखू चाळणाऱ्या बाईला तिच्या लेकीनं स्वतः गाडी चालवत, समुद्र ओलांडून, तिच्या नातीपर्यंत नेलं. बारसं चुकलं. आई पोचली.